डब्यावरचं नाव

यशोधरा वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती वाईट नाही, हीच तिची सगळ्यात वाईट गोष्ट आहे. ती वेळेवर येते, वापरून झालेली काचेची भांडी धुऊन पालथी घालते, मला ‘नेत्राताई’ म्हणते आणि जेवताना आपल्या डब्यातली सुकटीची चटणी आधी माझ्यापुढे सरकवते. अशा बाईवर जळायचं म्हणजे तेही चोरून जळावं लागतं.

मी उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, बदलापूरहून जाऊन-येऊन. शिकवणं पोटापाण्यासाठी. जीव अडकलाय तो प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतल्या एका मशीनमध्ये. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा डोपामाइनसारखी रसायनं क्षणभरच, अगदी इवलीशी सुटतात. केसाहून बारीक कार्बनचा धागा तिथे नेला आणि त्याला हवं तेवढं व्होल्टेज दिलं, की डोपामाइन आपले इलेक्ट्रॉन त्या धाग्याला देतं आणि विजेचा नावापुरता प्रवाह वाहतो. तो प्रवाह मोजायचा. पडद्यावर रेघेला उंचवटा येतो. उंचवटा मोठा तर डोपामाइन जास्त. असं मोजणारी मशीनं परदेशातून येतात, पण त्या किमतीत आमचं अख्खं डिपार्टमेंट नवं होईल. म्हणून तेच मशीन मी सुट्या चिप्स, स्वस्तातले बोर्ड आणि भाजलेली बोटं यांच्या जोरावर बनवत होते. एकटी बनवत होते, यशोधरा येईपर्यंत.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत किर्ती मॅडम उंदरांच्या मेंदूच्या चकत्यांवर काम करतात. त्यांनी आमचे विभागप्रमुख उन्मेष सर यांना कळवलं होतं, की तुमच्याकडचं एक मशीन दिवाळीच्या आधी पाठवा, आम्ही खऱ्या मेंदूवर लावून बघतो. एकच मशीन जाणार होतं आणि ते माझं असणार यात मला शंका नव्हती, कारण दुसरं होतंच कुठे?

यशोधरा अंबरनाथची. आमच्याकडे रुजू झाली तेव्हा तिने माझं सर्किट बघायला मागितलं. मी कौतुकाने दाखवलं. थोड्या महिन्यांत तिने स्वतःचं बनवलं, माझ्या निम्म्या आकाराचं, पारदर्शक पेटीत बसवलेलं, आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या. “मी साधंच केलंय ताई,” ती म्हणाली. “तुमच्यासारखे एवढे फिल्टर नाही जमले मला. एकच टाकलाय.”

आणि त्या एका फिल्टरवर तिने जो आलेख काढला, तो मी दोनदा बघितला. गुळगुळीत रेघ, मधे सुबक उंचवटा, पुन्हा गुळगुळीत रेघ. माझ्या मशीनची रेघ थरथरायची. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच जीन्सच्या कारखान्यांची गल्ली आहे. शिलाईच्या मोठ्या मशीनी सुरू झाल्या की त्यांच्या मोटारींचा सगळा गोंधळ हवेतून आणि वायरींतून माझ्या बोर्डात शिरायचा. त्याच्याशी भांडता भांडता मी एकामागून एक फिल्टर लावत गेले. शेवटी घरून एक स्टीलचा डबा आणला आणि बोर्ड, धागा, मिठाचं पाणी सगळं त्याच्या आत ठेवून झाकण लावलं. लोखंड-पोलादाच्या आत बाहेरचा गोंधळ शिरत नाही, हे पुस्तकात असतं. पण शंकरपाळ्यांच्या डब्याने ते होतं हे पुस्तकात नव्हतं, ते मी शोधलं. एवढं केलं तेव्हा कुठे माझी रेघ सरळ झाली होती. आणि ही बाई उघड्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या पेटीत! पी हळद आणि हो गोरी, असं कधी असतं का?

सरांनी तिचा आलेख छापून नोटीस बोर्डवर लावला. “नेत्रा मॅडम, बघितलंत का? क्या बात है,” म्हणाले. मी “छान आहे सर” म्हटलं. माझा आलेख सरांनी कधी छापला नव्हता. नोटीस बोर्ड जिन्याच्या तोंडाशीच असल्यामुळे वर जाताना आणि खाली येताना तो मला दिसायचाच. मी दुसऱ्या जिन्याने जायला लागले. तो जिना लांब पडतो.

घरी अल्पेशने, माझ्या नवऱ्याने, तोंड बघूनच विचारलं, “काय झाला? कोन काय बोलला काय तुला?”

“कोणी काही बोललं नाही. तिची रेघ गुळगुळीत आहे.”

“मं तुजी खरबरीत हाय काय?” म्हणून तो हसला. मी त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्तच टाकलं.

माझी खात्री होत चालली होती, की तिच्याकडे काहीतरी युक्ती आहे आणि ती मला सांगत नाही. विचारलं की म्हणायची, “काहीच नाही हो ताई, शुक्रवारी दुपारी बसते आणि करते.” शुक्रवारी दुपारी तिला थांबता यायचं, कारण तिचा नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला आणि त्याची सुट्टी शुक्रवारची. तो मुलीला सांभाळतो, ही इथे बसते. माझे तास शुक्रवारी सकाळीच संपतात आणि मी घरी पळते. म्हणजे ती जे काही करायची ते मी नसताना. मला तर त्यातही काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं होतं.

एका शुक्रवारी मी पळाले नाही. “पेपर तपासायचेत,” असं सांगून त्याच खोलीत बसले आणि पेपरांच्या आडून तिच्याकडे बघत राहिले. तिने बोर्ड लावला, धागा पाण्यात सोडला, डोपामाइनचे थेंब टाकले. टेबलाखाली काही नव्हतं, पेटीच्या मागेही नव्हतं. मी पेन पाडून वाकून खात्री करून घेतली. पडद्यावर रेघ आली, तशीच गुळगुळीत. मला रडू यायचं बाकी होतं.

“खिडकी उघडू का ताई?” तिने विचारलं. “गरम होतंय.”

“उघड.”

तिने खिडकी उघडली. समोरच्या इमारतीतली बाई कुणाला तरी भेंडीचा भाव विचारत होती, तो शब्द न् शब्द ऐकू आला. मी पेन हातात तसंच धरून बसले. ती खिडकी मी कधीच उघडत नाही. उघडली तर शिलाई मशीनींच्या आवाजात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि इथे भेंडीचा भाव ऐकू येत होता.

चहाचं निमित्त करून मी खाली उतरले आणि मागच्या गल्लीत गेले. सगळी शटरं खाली. राजूशेठच्या कारखान्यासमोर एक कुत्रं आडवं पसरून झोपलं होतं. पानवाल्याला विचारलं, “आज बंद क्यों है?”

“मॅडम, शुक्रवार को बंदच रहता है ना. पूरी गल्ली.”

इतकी वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे काढली आणि मला पत्ता नव्हता. गंमत म्हणजे यशोधरालाही नव्हता. युक्ती नव्हती, हुशारी नव्हती, शुक्रवार होता. बाईला वाटत होतं आपलं मशीन शांत आहे. शांत गल्ली होती. त्या गल्लीत उभी राहून मी एकटीच हसले. कुत्र्याने एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला.

वर जाऊन मी तिला सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. मी सांगितलं नाही. तिने पुढे केलेला चहा प्यायले आणि सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, पुण्याला कुठलं मशीन पाठवायचं ते एकदा दोन्ही शेजारी ठेवून ठरवू या. तुम्हीच नमुने बनवा, आम्हाला सांगू नका कशात काय आहे.”

“चांगली कल्पना आहे. शुक्रवारी ठेवू? यशोधराला शुक्रवार बरा पडतो.”

“बुधवारी ठेवू या सर,” मी म्हटलं. “शुक्रवारी मला घरी काम असतं.”

दिवाळी तोंडावर आली होती. ऑर्डरी पुऱ्या करायला गल्लीतल्या मशीनी दिवसभर धडधडत होत्या. असा बुधवार मला पंचांग बघूनही मिळाला नसता.

बुधवारी सरांनी तीन बाटल्या टेबलावर ठेवल्या. भिंतीतून धडधड येत होती, टेबलावरचं पाणीसुद्धा थरथरत होतं. यशोधराने आधी करावं असं मीच सुचवलं. लहान आहे, तिला मान, असं म्हटलं. मला माझ्या आवाजाची लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

तिच्या पडद्यावर रेघ नव्हतीच. नुसतं गवत माजल्यासारखं दिसत होतं, वर-खाली, वर-खाली. तिने वायरी हलवून पाहिल्या, बोर्ड बंद करून चालू केला, धागा बदलला. तिन्ही बाटल्यांना तेच. तिचे कान लाल झाले. “शुक्रवारी तर नीट होतं सर,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं, मदतीसाठी बघतात तसं. मी माझा डबा पुसायला घेतला.

मग माझी पाळी. बोर्ड डब्यात, धागा पाण्यात, झाकण बंद. रेघ सरळ. पहिल्या बाटलीला छान उंचवटा आला. दुसरीला काही नाही. तिसरीलाही काही नाही.

“पहिलीत डोपामाइन आहे. दुसरी-तिसरीत नुसतं पाणी,” मी जाहीर केलं.

सरांनी खिशातली चिठ्ठी काढून बघितली. मग म्हणाले, “तिसरीत होतं, मॅडम. अगदी थोडं. मेंदूत असतं साधारण तेवढं.”

मला कळायचं ते कळलं. इतके फिल्टर लावले होते मी, की गाळणी फार बारीक झाली होती. चोथ्याबरोबर चहाही वरच अडकला होता. पण सर लगेच पुढे म्हणाले, “तरी काहीच न दिसण्यापेक्षा हे बरं. तुमचंच पाठवू.”

तुमचंच पाठवू. मी जिंकले होते. घरी जाताना बदलापूरला उतरून अल्पेशला आवडतात ती मांदेली घेऊन जायचं, इथपर्यंत माझं ठरून गेलं.

“ताई,” यशोधरा म्हणाली, “तुमचा डबा जरा देता? माझा बोर्ड आत ठेवून बघते.”

नाही म्हणायला काही कारण लागतं, आणि सरांच्या समोर मला एकही सुचेना. मी बोर्ड काढला आणि डबा तिच्यापुढे सरकवला. तिने आपला बोर्ड पारदर्शक पेटीतून काढून आत बसवला, वायर झाकणाला चिमट्याने लावली आणि झाकण बंद केलं. मी बघत होते. तिने एकच वायर लावली होती. झाकण खडखडू नये म्हणून डब्याच्या काठाला मी सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली आहे. त्यामुळे झाकण आणि डबा एकमेकांना टेकतच नाहीत. गोंधळ अडवायला दोघांनाही अर्थिंगची वेगवेगळी वायर लागते, एक झाकणाला, एक डब्याला. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं.

पडद्यावर गवत होतं. थोडं कमी, पण गवतच.

मी गप्प राहिले. गप्प राहण्यासारखी सोपी गोष्ट नाही. नुसतं उभं राहायचं असतं.

“नाही होत,” यशोधरा म्हणाली. “डब्याने काही फरक पडत नाही वाटतं.”

सर हसले. “शेवटी शंकरपाळ्यांचाच डबा तो. त्याच्यात कुठला आलाय राम? मॅडमचे फिल्टरच काम करतात. पुण्याला पाठवताना डबा काढून टाका मॅडम, बरं नाही दिसत. एखादी पेटी घ्या यशोधरासारखी.”

मला एकदम राग आला. फिल्टर काय, कुणीही लावतं. डबा माझा होता. माझ्या लग्नात मधुमामाने दिलेला, वर नाव घालून: ‘चि. सौ. कां. नेत्रा हिस मधुमामाकडून’. तो डबा फडताळातून काढून इथे आणायचं माझ्या डोक्यात आलं होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. तो त्या बाईच्या अर्धवट वायरीमुळे सरांसमोर खोटा पडत होता. आणि वर काय, तर यशोधरासारखी पेटी घ्या.

“डब्यात काही खोट नाही,” मी म्हटलं. आवाज चढला होता. “वायर अर्धी आहे.”

“म्हणजे?”

“सरक बाजूला.”

मी दुसरी वायर घेतली, डब्याच्या अंगाला चिमटा लावला, झाकणाचा चिमटा घट्ट केला आणि दोन्ही तिच्या बोर्डाला जोडल्या. भिंतीपलीकडे मशीनी धडधडत होत्याच. पडद्यावरचं गवत खाली बसलं. बसत बसत एक रेघ झाली, शुक्रवारच्यासारखी. यशोधराने पहिली बाटली लावली, उंचवटा. दुसरीला काही नाही. तिसरीला रेघ जराशी चालली आणि मधेच एक लहानसा उंचवटा आला. लहान, पण कुणीही बोट ठेवून दाखवावा असा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बुधवार मी मागितला, परीक्षा मी मागितली, आणि वायरही मीच जोडली.

“वा,” सर म्हणाले. “मग हेच जाऊ दे पुण्याला. यशोधराचा बोर्ड, डब्यासकट. चालेल ना मॅडम?”

“न चालायला काय झालं,” मी म्हटलं.

यशोधराने माझा हात धरला. “ताई, तुमच्यामुळे झालं,” ती म्हणाली, आणि ती ते मनापासून म्हणत होती, म्हणून मला अजूनच जळायला झालं. आयत्या बिळावर नागोबा, आणि तो नागोबा वर आभार मानतोय. त्या दिवशी मी मांदेली घेतली नाहीत.

मशीन गेलं. दिवाळी झाली. सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं तेव्हा नोटीस बोर्डवर तोच आलेख होता, पण मी आता जवळच्या जिन्याने जात होते. आता लपवायला तरी काय उरलं होतं?

मग किर्ती मॅडमचा फोन आला. सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. यशोधरा नवीन साडी नेसून आली होती, योगायोगाने असेल.

“उन्मेष, तुमची नेत्रा एकदम मस्त चालतेय,” किर्ती मॅडम म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी यशोधराकडे.

“कोण?” सर म्हणाले.

“नेत्रा. मशीन हो. डब्यावर नाव आहे ना कोरलेलं? इथे सगळी मुलं तेच म्हणतात. आज नेत्रा मला हवी, उद्या नेत्रा तुला. चकतीत डोपामाइन सुटलेलं अगदी स्वच्छ दिसलं. आणखी दोन नेत्रा पाठवता येतील का? पेपरमध्येही हेच नाव ठेवू म्हणते. आणि हो, हा मधुमामा कोण? मुलं विचारतात.”

सर मोठ्याने हसले. मीही हसले. यशोधराही हसली, पण नुसते ओठ हलले. डोळे टेबलावरच्या फोनवर तसेच होते. फोनच्या त्या बाजूला बोर्डाचं नाव नव्हतं, तिच्या वेणी घातलेल्या वायरींचं नाव नव्हतं, त्या एका फिल्टरचं नाव नव्हतं. तिचं सगळं काम माझ्या मामाच्या डब्यात बसून माझ्या नावाने पुण्यात नाव कमावत होतं. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. तिचा आलेख लागल्यापासून मी कितीतरी दिवस तेच हसत होते.

मी सांगू शकले असते, की मॅडम, बोर्ड यशोधराचा आहे. सरांनी सांगितलं शेवटी, फोन ठेवता ठेवता, आणि किर्ती मॅडम “अच्छा अच्छा, छान” म्हणाल्या. पण एकदा तोंडात बसलेलं नाव निघत नसतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी आपली पदराचं टोक नीट करत बसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण माझ्या नावाने चालणाऱ्या त्या मशीनमध्ये माझ्या हातचा सोल्डरचा एक ठिपकासुद्धा नव्हता. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लागलं तर मिरवताही येत नाही, आणि पुसवतही नाही.

जिन्यात यशोधरा माझ्या पुढे निघून गेली. नोटीस बोर्डापाशी थांबली नाही. त्या दिवशी जेवताना चटणीचा डबा तिने आधी स्वतःच्या पानात रिकामा केला.

पुढच्या सोमवारी ती एक मोठी पिशवी घेऊन आली. अंबरनाथच्या भांड्यांच्या दुकानातून तिने दोन नवे कोरे डबे आणले होते. दुकानदाराकडून त्यांच्यावर नावही घालून आणलं होतं. पुण्याला पाठवायचे दोन बोर्ड तयारच होते, वायरींच्या वेण्या घातलेले. डब्यांच्या काठाला ट्यूबची पट्टीसुद्धा तिने बसवली होती.

“नेत्राताई,” ती म्हणाली. ‘ताई’वर जोर जरा कमी होता. “दोन्ही वायरी नक्की कुठे लावायच्या, ते दाखवता?”

भिंतीपलीकडे राजूशेठच्या मशीनी चालू होत्या. मी चिमटे घेतले. एक झाकणाला, एक डब्याला, कुठे घट्ट करायचं, कुठे नाही, सगळं दाखवलं, काही लपवलं नाही. पण त्याआधी डबा उजेडाकडे धरून बघून घेतला. नाव तिचं एकटीचं होतं, पुढे-मागे मामा-काका काही नाही, आणि माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं.